त्रुटीसंदेशांची वेगळी वाट

प्रोग्रॅमने काढलेले उत्तर आणि त्याच प्रोग्रॅमने केलेली तक्रार या दोन गोष्टींनी वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडावे, हा संकेत आज इतका रुळला आहे की, सी प्लस प्लस शिकणाऱ्याला तो भाषेच्या व्याकरणाइतकाच स्वाभाविक वाटतो. या भाषेत बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी तीन तयार प्रवाह असतात. नेहमीच्या उत्तरासाठी सीआउट, त्रुटीसंदेशांसाठी सीएर आणि चालू कामाच्या नोंदींसाठी सीलॉग अशी त्यांची वाटणी आहे. प्रवाह म्हणजे प्रोग्रॅम ज्यात एकामागून एक अक्षरे सोडत जातो अशी मालिका. ती पडद्यावर उमटते, फाइलीत साठते की दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती पडते, हे प्रोग्रॅमच्या बाहेर ठरते. यांपैकी सीएर आणि सीलॉग हे दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी पोचतात आणि त्यांच्यात फरक आहे तो मुख्यतः मजकूर वाटेत साठवून ठेवण्याचा, म्हणजे बफरचा. हा एवढासा फरक निर्माण व्हायला सुमारे वीस वर्षे लागली. त्यांतला त्रुटीप्रवाह वैतागातून जन्माला आला, नोंदींचा प्रवाह विचारपूर्वक आखला गेला, आणि विचारपूर्वक आखलेलाच व्यवहारात सर्वांत कमी रुजला.

या व्यवस्थेचे मूळ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. या प्रणालीत प्रत्येक उघडलेल्या फाइलला एक लहानसा क्रमांक मिळतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. शून्य क्रमांकावरून प्रोग्रॅमने वाचायचे आणि एक क्रमांकावर लिहायचे, असा साधा दंडक होता. उत्तर असो वा कुरकुर, सगळे एक क्रमांकावरूनच जाई, आणि माणूस समोर टेलिटाइपवर बसलेला असेपर्यंत त्यात काही बिघडत नसे, कारण उत्तर कोणते आणि कुरकुर कोणती हे त्याला वाचताना कळत असे. १९७३ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांच्या दीर्घ आग्रहानंतर थॉम्प्सन यांनी पाइप ही सोय केली. एका प्रोग्रॅमचे आउटपुट थेट दुसऱ्याचे इनपुट व्हावे, असा तिचा उद्देश होता. ती आली आणि वाचणारा माणूस मधून उठला. आता पहिल्या प्रोग्रॅमची ‘फाइल सापडली नाही’ ही ओळ दुसरा प्रोग्रॅम निमूटपणे आपला कच्चा माल समजून गिळू लागला, तिची वर्णक्रमाने मांडणी करू लागला किंवा तिच्यातील शब्द मोजू लागला.

हा त्रास सर्वांना ठाऊक होता, तरी तो सोसला गेला. मॅकिलरॉय यांनी १९८७ मध्ये युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांचा आढावा घेताना याचे कारण नोंदवले आहे. एक प्रवेशद्वार आणि एक निर्गमद्वार या रचनेचा साधेपणा मोडायला कोणी तयार नव्हते. सहाव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, लोक तसेच चालवत राहिले आणि त्यानंतर लवकरच रिची यांनी त्रुटींसाठी स्वतंत्र प्रमाणित फाइल आणून हा प्रश्न एका घावात सोडवला. तात्त्विक साधेपणाची आस किती चिवट असते आणि तिला हरवायला किती क्षुल्लक निमित्त पुरते, याचा हा चांगला नमुना आहे, कारण प्रत्यक्ष निमित्त घडले ते छपाईच्या यंत्रामुळे.

बेल प्रयोगशाळेने ग्राफिक सिस्टम्स या कंपनीचे सी-ए-टी नावाचे फोटोटाइपसेटर, म्हणजे प्रकाशाच्या साह्याने अक्षरजुळणी करणारे यंत्र घेतले होते आणि जो ओसाना यांनी त्याच्यासाठी ट्रॉफ हा प्रोग्रॅम लिहिला होता. यंत्रात फिल्मपट्टीवर चार टंक बसत, प्रत्येकात १०२ अक्षरचिन्हे असत, आणि त्या पट्टीतून पडणारा प्रकाश संवेदनशील कागदावर एकेक अक्षर कोरत जाई. कागद बाहेर आला तरी त्यावर काही दिसत नसे. ती लांबरुंद पट्टी उग्र वासाच्या रसायनयंत्रातून काळजीपूर्वक फिरवावी लागे, आणि काही मिनिटांनी मजकूर उमटत असे. याक आणि लिंट या साधनांचे कर्ते स्टीफन जॉन्सन यांनी सांगितल्याप्रमाणे एका दुपारी त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला एकच अनुभव आला. कागद धुऊन निघाला तेव्हा त्यावर मजकूर म्हणून एकच ओळ होती, अमुक फाइल उघडता आली नाही, आणि तीही अत्यंत देखण्या टंकात जुळवलेली. तक्रार योग्य माणसांच्या कानांवर पडेल इतक्या मोठ्याने झाली आणि त्यानंतर दोनेक दिवसांत त्रुटीची फाइल अस्तित्वात आली. पाइपमधून वाया जाणारी गणनेची मिनिटे ज्यांनी मुकाट सोसली, त्यांनाच महागडा कागद आणि दुर्गंधी सोसवली नाही, असा निष्कर्ष काढला तर तो फारसा चुकीचा ठरणार नाही.

नव्या फाइलीला दोन हा क्रमांक मिळाला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा स्वीकारून प्रोग्रॅम चालवणाऱ्या दुभाष्यात, दोनच्या आकड्यापुढे > हे चिन्ह लिहून त्रुटी वेगळ्या फाइलीत वळवण्याची सोय होती. मात्र मॅकिलरॉय यांनी त्याच आढाव्यात एक उरलेली अडचणही सांगितली आहे. पाइपने जोडलेले चार प्रोग्रॅम एकाच वेळी चालत असतील, तर दोन क्रमांकावर आलेली तक्रार कोणाची, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक संदेशाने स्वतःची ओळख सांगितली पाहिजे, आणि ही शिस्त लावण्याची मोहीम कधीच पूर्ण झाली नाही.

आतापर्यंत बफरचा संबंध आला नव्हता. तो सी भाषेच्या ग्रंथालयातून आला. प्रोग्रॅमला एखादा बाइट बाहेर पाठवायचा असेल, तर त्याला कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात आणि साध्या फंक्शनला हाक मारण्यापेक्षा ती कितीतरी महाग पडते. म्हणून प्रत्येक पत्रासाठी वेगळा जासूद न धाडता थैली भरल्यावर ती रवाना करावी, त्याप्रमाणे प्रोग्रॅमच्याच स्मृतीत मजकूर साठवायचा आणि साठा भरला की एका विनंतीत पुढे द्यायचा. या साठ्याला बफर म्हणतात आणि तो रिकामा करण्याला फ्लश करणे. माइक लेस्क यांनी लिहिलेल्या सुवाह्य इनपुट-आउटपुट संचाची पुढे पुनर्रचना होऊन सातव्या आवृत्तीतील प्रमाणित ग्रंथालय सिद्ध झाले. त्यात प्रत्येक प्रवाहाची नोंद एका लहान रचनेत असे: पुढचा बाइट कोठे ठेवायचा तो पत्ता, किती जागा शिल्लक आहे तो आकडा, साठ्याचा आरंभ, काही खुणा आणि फाइलचा क्रमांक. अशा वीस रचनांची एक रांग होती आणि तिच्यातील पहिल्या तीन अनुक्रमे इनपुट, आउटपुट आणि त्रुटी यांना दिलेल्या होत्या. एक अक्षर लिहिणे म्हणजे शिल्लक जागेचा आकडा एकाने कमी करणे, तो ऋण झाला नसेल तर बाइट ठेवून पत्ता पुढे सरकवणे, आणि झाला असेल तरच साठा रिकामा करणाऱ्या फंक्शनला हाक मारणे. ५१२ बाइटांचा साठा असेल, तर पाचशेच्या वर वेळा कर्नलला तोशीस न देता काम होते.

तिसऱ्या रचनेत मात्र आरंभापासूनच एक वेगळी खूण घातलेली होती, आणि तिचा अर्थ होता, या प्रवाहाला साठा नाही. त्रुटीसंदेश बहुधा प्रोग्रॅम कोसळण्याच्या बेतात असताना लिहिला जातो. प्रोग्रॅम अचानक मेला, तर त्याच्या स्मृतीबरोबर बफरमधील मजकूरही नाहीसा होतो, आणि ज्या ओळीवरून अपघाताचे कारण कळायचे नेमकी तीच ओळ कोणाला दिसत नाही. म्हणून वेग गेला तरी चालेल, पण संदेश तत्काळ पोचला पाहिजे, असा हा सौदा होता. सौद्याची किंमत अशी की, साठा नसल्यामुळे चाळीस अक्षरांच्या संदेशासाठी चाळीस सिस्टीम कॉल होऊ शकत, आणि दोन प्रोग्रॅम एकाच वेळी तक्रार करू लागले तर त्यांची अक्षरे एकमेकांत गुंतत. बर्कली विद्यापीठातील आवृत्तीत यावर एक चतुर तोडगा निघाला: साठा नसलेल्या प्रवाहावर एखादी ओळ आकार देऊन छापायची असेल, तर तेवढ्या एका हाकेपुरता तात्पुरता साठा द्यायचा आणि हाक संपताच तो रिता करायचा. बफर नाही असे म्हणत बफर वापरण्याची ही युक्ती पुढे सी प्लस प्लसमध्ये उघड नियम होऊन आली. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकी मानकाने या अनुभवाला जपून शब्दरूप दिले. त्रुटीप्रवाह आरंभी ‘पूर्ण बफरयुक्त नसावा’ एवढेच त्यात म्हटले आहे; आउटपुटचा प्रवाह मात्र समोर माणूस नाही असे ठरवता येत असेल तरच पूर्ण बफरयुक्त असावा. त्यामुळे तोच प्रोग्रॅम पडद्यावर एका क्रमाने आणि फाइलीत दुसऱ्याच क्रमाने ओळी लिहितो, हे आजही नवशिक्यांना चक्रावून टाकते.

बियार्ने स्ट्रुस्ट्रुप यांनी त्याच बेल प्रयोगशाळेत १९७९ पासून घडवत आणलेल्या भाषेला १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळाले आणि तिचे पहिले प्रवाह-ग्रंथालय १९८४ मध्ये त्यांनी स्वतः लिहिले. छापण्यासाठी फंक्शनऐवजी एखादे चिन्ह वापरावे, ही सूचना मॅकिलरॉय यांची होती, आणि तिच्यामागे शेलमधील मजकूर वळवण्याच्या चिन्हांची आठवण होती. अशा रीतीने पाइपसाठी आग्रह धरणारा माणूस या इतिहासात दुसऱ्यांदा निर्णायक ठिकाणी भेटतो. एकेरी < आणि > वापरून पाहिली गेली, पण लहान-मोठेपणा दाखवण्याचा त्यांचा अर्थ मनात इतका पक्का होता की विधाने वाचवेनात. शिवाय पुष्कळ कळफलकांवर < ही खूण स्वल्पविरामाच्याच कळीवर असल्यामुळे लोक एकीच्या जागी दुसरी टंकित करत. अखेरीस दुहेरी << ठरले. या ग्रंथालयात आउटपुट आणि त्रुटी यांचे प्रवाह होते, पण नोंदींसाठी वेगळा प्रवाह नव्हता.

तो जेरी श्वार्ट्झ यांच्या पुनर्रचनेत आला. १९८९ मध्ये भाषेच्या २.० आवृत्तीबरोबर प्रसृत झालेल्या आयोस्ट्रीम ग्रंथालयात त्यांनी मजकुराला रूप देणारा भाग आणि साठा सांभाळणारा भाग स्पष्टपणे वेगळे ठेवले, आणि त्या मांडणीमुळे एकाच ठिकाणी जाणारे पण साठ्याबाबत वेगळे वागणारे दोन प्रवाह कल्पिता आले. सीएरला युनिटबफ नावाची खूण मिळाली. तिचा अर्थ असा की, << चे प्रत्येक काम चालू असताना मजकूर साठवावा आणि ते काम संपताच साठा रिकामा करावा. सीलॉगला ही खूण नव्हती. समजा एखाद्या ओळीत फाइलचे नाव, अपूर्णविराम, ओळीचा क्रमांक, पुन्हा अपूर्णविराम, संदेश आणि ओळ बदलण्याचे चिन्ह अशा सहा गोष्टी << ने गुंफल्या, तर सीएर ती ओळ सहा तुकड्यांत पाठवतो, तर सीलॉग ती आणि तिच्यामागच्या आणखी कितीतरी ओळी एका खेपेत पाठवू शकतो. मिनिटाला हजारो नोंदी करणाऱ्या प्रोग्रॅमला हा फरक जाणवण्याजोगा आहे, आणि नोंद काही क्षण उशिरा पोचली तरी बिघडत नाही, या व्यावहारिक जाणिवेवर सीलॉगची कल्पना उभी आहे.

श्वार्ट्झ यांना आणखी एक गाठ सोडवावी लागली. प्रोग्रॅमचे अनेक भाग वेगवेगळे कंपाइल होतात आणि त्यांतल्या जागतिक वस्तू कोणत्या क्रमाने तयार होतील, याची भाषा हमी देत नाही; मग एखाद्या भागाने मुख्य काम सुरू होण्यापूर्वीच सीएरवर तक्रार लिहिली आणि सीएर अजून जन्मलाच नसेल, तर काय? त्यांनी शीर्ष-फाइलीतच एक छोटी वस्तू ठेवली, जेणेकरून ती फाइल समाविष्ट करणाऱ्या प्रत्येक भागात तिची एक प्रत निर्माण होईल. पहिली प्रत तयार होताना सर्व प्रवाह उभे राहतात, प्रत्येक प्रतीगणिक एक मोजणी वाढते आणि शेवटची प्रत नष्ट होताना साठे रिते केले जातात. श्वार्ट्झ काउंटर या नावाने ही युक्ती पुढे प्रवाहांच्या पलीकडेही वापरली गेली. सीलॉगमधील शेवटच्या नोंदी वाचतात त्या याच मोजणीमुळे, आणि प्रोग्रॅम नीट न संपता मध्येच मारला गेला, तर मोजणी कधीच शून्यावर येत नाही आणि नोंदी जातात, हेही तिच्याचमुळे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ही भाषा पोचली ती मुख्यतः १९९० मध्ये निघालेल्या बोर्लंडच्या टर्बो सी प्लस प्लसमधून, आणि मानकपूर्व शीर्ष-फाइल वापरण्याची सवय तिथे मानक आल्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकली. टर्बो सी प्लस प्लस ज्यावर चाले त्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमने १९८३ च्या २.० आवृत्तीपासून युनिक्सच्या धर्तीवर दोन क्रमांक त्रुटींना दिला होता, पण त्याच्या आज्ञा-दुभाष्याला तो क्रमांक वळवता येत नसे. त्यामुळे आउटपुट फाइलीत घातले तरी सीएरचा संदेश पडद्यावरच राहतो एवढे विद्यार्थ्याला दाखवता येई. सीएर आणि सीलॉग यांतील भेद मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरताच राहिला, आणि तो तसा राहण्यात दोष विद्यार्थ्यांचा नव्हता.

१९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने ही सारी व्यवस्था स्वीकारली, विस्तृत अक्षरसंचासाठी जोडीचे प्रवाह दिले आणि एका सवलतीमुळे सीलॉगचे वैशिष्ट्य नकळत पुसून टाकले. जुन्या सी ग्रंथालयातून आणि नव्या प्रवाहांतून आलेला मजकूर एकाच प्रोग्रॅममध्ये सरमिसळ झाला तरी क्रमाने उमटावा, म्हणून दोन्ही बाजू जुळवून चालाव्यात अशी मूळ योजना आहे, आणि ती मुद्दाम बंद केल्याशिवाय चालूच राहते. जीएनयू कंपायलरच्या ग्रंथालयात ती चालू असेतो सीएर आणि सीलॉग हे दोन्ही सीच्या त्रुटीप्रवाहावर बसवलेल्या एकाच पातळ थराशी जोडलेले असतात. तो त्रुटीप्रवाह बफरविरहित असल्यामुळे सीलॉगमधील मजकूरही लगेच बाहेर जातो. एलएलव्हीएम कंपायलरच्या ग्रंथालयातही सीलॉग सीएरचाच साठा-घटक वापरतो. म्हणजे पाठ्यपुस्तकांत बफरयुक्त म्हणून शिकवला जाणारा प्रवाह सर्वाधिक वापरातल्या कंपायलरांत, काही विशेष न करता वापरला, तर बफरयुक्त नसतोच. जीएनयूमध्ये जुळणी बंद केल्यावर खरा साठा मिळतो, पण तो दोघांना मिळून एकच असतो, आणि सीएरवर काही लिहिताच सीलॉगचा थकलेला मजकूरही रिता होतो. त्यातच ओळीच्या अखेरीस एंडल लिहिण्याची जगभर पसरलेली सवय आहे. एंडल ओळ बदलतो आणि साठाही रिकामा करतो, त्यामुळे उरलेला फायदा लिहिणाऱ्याच्याच हातून जातो.

सीएरची हमीसुद्धा वाटते तितकी निरपवाद नाही. मानकानुसार, एखादा अपवाद फेकला गेल्यानंतर प्रोग्रॅम मागे उलगडत असेल, तर युनिटबफची खूण असूनही साठा रिकामा केला जात नाही, आणि ती वेळ तर तक्रारीची. २०११ च्या मानकाने सीएरला सीआउटशी बांधले, म्हणजे त्रुटी लिहिण्यापूर्वी आउटपुटचा थकलेला मजकूर आधी बाहेर पडतो आणि क्रम सुटत नाही. सीलॉगला अशी जोड दिली गेली नाही. त्याच मानकाने अनेक धाग्यांनी एकाच प्रवाहावर लिहिले तरी प्रोग्रॅमची स्थिती बिघडणार नाही असे सांगितले, पण अक्षरे गुंतणार नाहीत असे सांगितले नाही. ती सोय २०२० मध्ये आली, जेव्हा पूर्ण संदेश बाजूला साठवून एकदम सुपूर्द करणारा वेगळा प्रवाह-प्रकार मानकात दाखल झाला. काही इतर भाषांची वाटचाल याहूनही संथ दिसते. एडाच्या १९८३ च्या मानकात त्रुटीप्रवाहच नव्हता, तो १९९५ मध्ये आला.

नोंदींचा खरा व्यवहार दरम्यानच्या काळात दुसरीकडेच वाढला. बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमसाठी सिसलॉग तयार केला. त्यात नोंद लिहिणारा प्रोग्रॅम स्वतः साठा सांभाळत नाही, तर शून्य ते सात अशा तीव्रतेच्या आठ पायऱ्यांपैकी एक लावून संदेश स्वतंत्र सेवेकडे देतो. प्रोग्रॅम मेला तरी दिलेला संदेश सेवेकडे सुरक्षित राहतो, म्हणजे त्वरा आणि काटकसर यांतील जुना सौदा येथे प्रोग्रॅमच्या बाहेर नेला गेला. २०१२ च्या सुमारास लिनक्समध्ये सिस्टमडी या सेवाव्यवस्थापकाची जर्नल-सेवा आली, तेव्हा प्रोग्रॅमने पुन्हा साधे आउटपुट लिहावे आणि गोळा करणाऱ्याने ते टिपावे, हा विचार बळावला होता. या सेवेच्या मूळ मांडणीत एक क्रमांक आणि दोन क्रमांक एकाच सॉकेटला जोडलेले असतात, म्हणजे छपाईयंत्रापायी वेगळ्या झालेल्या वाटा पुन्हा एक होतात. शिवाय पलीकडे पडदा नसल्यामुळे सीचे आउटपुट पूर्ण बफरयुक्त होते आणि त्रुटी त्याच्या पुढे धावतात. तीव्रता सांगायची असेल, तर ओळीच्या आरंभी कोनी कंसात सिसलॉगचा आकडा लिहावा, जसे त्रुटीसाठी <३>, म्हणजे सेवा तो ओळखून काढून घेते, आणि ओळ सीआउटमधून आली, सीएरमधून की सीलॉगमधून, याला तिच्या लेखी काही महत्त्व नसते.